नकलेतल्या चुका : ‘सोलारिस’ कादंबरी आणि चित्रपट

स्तानिस्लाव लेम मॉस्कोला गेला, आंद्रेई तार्कोव्हस्कीशी काही आठवडे पटकथेवरून भांडला, शेवटी त्याला तोंडावर मूर्ख म्हणाला आणि घरी परतला. ही हकिगत लेमनेच पुढे मुलाखतींत सांगितली. तिच्याबरोबर त्याचा निवाडाही प्रसिद्ध झाला: तार्कोव्हस्कीने ‘सोलारिस’ केलाच नाही, त्याने दस्तयेवस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ पडद्यावर आणली. १९६१ साली पोलिश भाषेत निघालेली लेमची ही कादंबरी आणि मोसफिल्मने १९७२ साली पडद्यावर आणलेला तार्कोव्हस्कीचा हा चित्रपट यांच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक या निवाड्याच्या एका नाहीतर दुसऱ्या अंगाला उभे असते. लेमचे वाचक नाराज असतात, कारण ज्ञानाच्या मर्यादेचा एवढा मोठा प्रश्न दिग्दर्शकाने नवराबायकोच्या दुःखात बुडवला. तार्कोव्हस्कीचे चाहते कृतज्ञ असतात, कारण कोरड्या विज्ञानकथेत त्याने प्राण फुंकला. चित्रपट कादंबरीपासून फार दूर गेला, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत वाद नाही. मला शंका घ्यायची आहे ती या एकमतावरच. ‘सोलारिस’ ही नकलेची आणि नकलेत राहून गेलेल्या चुकांची कादंबरी आहे, असे माझे म्हणणे आहे. तार्कोव्हस्कीने तिच्यातले विज्ञान जवळजवळ सगळे गाळले, पण ही एक गोष्ट अचूक ओळखली, आणि चित्रपटाच्या अखेरच्या मिनिटांत ती लेमने नेली नव्हती तिथे नेली. हे दाखवायचे तर दोन्ही कृतींचे शेवट सांगावे लागतील. शेवट कळल्यामुळे बिघडेल अशी यातली एकही कृती नाही, म्हणून मी ते निःसंकोच सांगणार आहे.

कादंबरीचा सांगाडा साधा आहे. क्रिस केल्विन हा मानसशास्त्रज्ञ सोलारिस ग्रहावर अधांतरी तरंगणाऱ्या संशोधनस्थानकात उतरतो. ग्रहाला दोन सूर्य आहेत, एक तांबडा आणि एक निळा. गणिताप्रमाणे त्याची कक्षा टिकायला नको; तरी ती टिकते, कारण ग्रह व्यापून असलेला दाट महासागर ती सांभाळतो. हा महासागर म्हणजे एकच एक सजीव, आणि कदाचित बुद्धिमान. ‘कदाचित’ या शब्दावर सगळी कादंबरी उभी आहे. स्थानकातल्या तिघांपैकी गिबारियानने नुकतीच आत्महत्या केली आहे, स्नाउट केल्विनला पाहून थरथरतो, सार्टोरिअस प्रयोगशाळेचे दार उघडायला तयार नाही. केल्विन झोपतो, जागा होतो, तर समोर हारी. दहा वर्षांपूर्वी भांडण झाल्यावर तो निघून गेला होता आणि मागे एकोणीस वर्षांच्या हारीने इंजेक्शन टोचून घेऊन जीव दिला होता. महासागराने झोपलेल्या माणसांच्या मनातून त्यांना सर्वांत जास्त छळणारी आठवण उचलली आहे आणि तिला देह दिला आहे. शिक्षा म्हणून, भेट म्हणून, प्रयोग म्हणून, की आपल्याला शब्दच नाही अशा एखाद्या कारणासाठी, ते शेवटपर्यंत कळत नाही. लेम सांगत असे, की स्नाउट केल्विनला पाहून घाबरतो हा प्रसंग लिहिताना तो कशाला घाबरतो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. आणि शेवटचे प्रकरण त्याला मध्ये बराच काळ लोटल्यावर सुचले. लेखकाच्या अशा कथनांवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न वेगळा, पण कादंबरी वाचताना ते खरे वाटते.

एवढी गोष्ट वाचकांच्या लक्षात राहते आणि कादंबरीचा मोठा भाग विसरला जातो. चौदा प्रकरणांतली काही प्रकरणे अशी आहेत की त्यांत केल्विन स्थानकाच्या ग्रंथालयात बसून नुसता वाचतो. त्याच्याबरोबर आपणही सोलारिसशास्त्र नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या विद्याशाखेचा अख्खा इतिहास वाचतो: तिचे संस्थापक, संप्रदाय, पाखंडी, भाष्यकार आणि भाष्यांवरचे भाष्यकार. महासागर जे प्रचंड आकार घडवतो आणि मोडतो त्यांचे गीझे नावाच्या एका पंडिताने खंडच्या खंड भरून वर्गीकरण केले आहे, आणि हा गीझे अशाच एका आकाराच्या उद्रेकात सहकाऱ्यांसह गडप झाला आहे. त्यानंतर महासागरावर अण्वस्त्रे डागा म्हणणारे येतात. मग उत्साह ओसरतो, तरुण या विषयाकडे फिरकेनासे होतात आणि कपाटांत परिशिष्टांची परिशिष्टे साठत जातात. म्युंटिअस नावाचा एक टीकाकार तर म्हणतो, की हे शास्त्र म्हणजे अंतराळयुगाने धर्माच्या जागी बसवलेली श्रद्धा आहे. हे सगळे लेम इतक्या गंभीर चेहऱ्याने लिहितो की त्यातले हसू उशिरा लक्षात येते. महायुद्धानंतर ल्वूवहून क्राकोला आल्यावर त्याने मिएचिस्वाव होइनोव्हस्की या विद्वानाच्या विज्ञानविषयक अभ्यासमंडळात काम केले होते. जगभरचे शास्त्रीय वाङ्मय वाचून त्याची परीक्षणे लिहिणे हा त्या कामाचा भाग होता. ज्ञान कसे साचते, त्याला पदे आणि पंथ कसे फुटतात, आणि मूळ प्रश्न जागेवर राहून त्याच्याभोवती इमारत कशी उठते, हे त्याने तिथे जवळून पाहिले असणार. दहा वर्षांनी १९७१ मध्ये अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचाच एक संग्रह त्याने काढला. त्याचे बी ‘सोलारिस’च्या ग्रंथालयात आहे.

या पंडिती भागाचा आणि हारीच्या गोष्टीचा सांधा कुठे आहे? टीकाकार बहुधा दोन्ही वेगळे धरतात आणि मग कादंबरी एकतर ज्ञानाची ठरते किंवा प्रेमाची. मला तो सांधा मिमॉइडमध्ये दिसतो. महासागराच्या आकारांपैकी मिमॉइड या आकाराचा धर्मच नक्कल करणे हा आहे. आसपास जी वस्तू येईल तिची तो प्रतिकृती घडवतो, पण ती फुगवून, सोपी करून किंवा विचित्र वाकवून. वस्तू कशासाठी आहे याचा त्याला पत्ता नसतो. आता हारीकडे पाहावे. तिच्या दंडावर सुई टोचल्याची खूण आहे, कारण केल्विन ती कधीच विसरला नाही. तिच्या तळपायांची कातडी मात्र तान्ह्या मुलासारखी मऊ आहे, कारण तिचे तळवे कोणी लक्षात ठेवले नव्हते. तिला एक असा माणूस माहीत आहे, जो केल्विनला तिच्या मृत्यूनंतर भेटला. तिच्या पांढऱ्या पोशाखावर बटणांची रांग आहे, पण ती शोभेची. पोशाखाला उघडण्याची जागाच नाही आणि तो अखेर कापावा लागतो. बटणे डोळ्यांनी लक्षात ठेवलेली असतात, ती काढणे हे हातांचे ज्ञान असते, आणि महासागराला फक्त पहिले सापडले. विज्ञानकथेत इतका बारीक आणि इतका भयंकर तपशील मला दुसरा ठाऊक नाही. मिमॉइड जे वस्तूंचे करतो तेच महासागर हारीचे करतो, आणि सोलारिसशास्त्रज्ञ तेच महासागराचे करतात: समोरच्या अगम्य वस्तूची आपल्या सामग्रीतून प्रतिकृती उभारतात, बाह्य रेषा जुळतात, पण उघडायची जागा सापडत नाही. ग्रंथालय आणि शयनकक्ष ही या कादंबरीत एकाच चुकीची दोन घरे आहेत.

तार्कोव्हस्की या कादंबरीकडे वळला त्यामागे व्यवहारही होता. त्याचा आधीचा चित्रपट ‘आंद्रेई रुब्ल्योव्ह’ १९६६ मध्ये तयार होऊन अडकून पडला होता. लोकप्रिय लेखकाची विज्ञान कादंबरी अधिकाऱ्यांच्या गळी उतरवणे त्यामानाने सोपे होते. फ्रिडरिख गोरेनश्टाइनबरोबर त्याने पटकथा लिहिली. कादंबरीत केल्विन पहिल्याच पानावर पृथ्वीपासून दूर असतो. चित्रपटात पहिली चाळीसएक मिनिटे पृथ्वीवरच जातात: तळ्यात हलणारे शेवाळ, घोडा, वडिलांचे लाकडी घर, अंगणात पडणारा पाऊस आणि व्हरांड्यात त्या पावसात तसाच बसून राहिलेला केल्विन. लेमचा राग मुख्यतः या भागावर आणि त्यातल्या नातेवाइकांवर होता. त्याच्या मते अंतराळ हा विचाराचा विषय होता आणि तार्कोव्हस्कीने त्याला घर सोडून जायची वाईट जागा करून टाकले. आक्षेप खरा आहे. तार्कोव्हस्कीला अज्ञाताचे कुतूहल नव्हते. त्याला अज्ञातासमोर माणसाची लाज हवी होती. पुढे त्याने स्वतःच लिहिले आहे, की या चित्रपटात विज्ञानकथेचा सांगाडा त्याला पुरता झटकून टाकता आला नाही. मूळ लेखकाला वाटते विज्ञान उरलेच नाही, दिग्दर्शकाला वाटते फार उरले. यात सौम्य विनोद आहे, आणि दोघांपैकी कोणाच्याही शब्दाला अंतिम पुरावा मानू नये हा इशाराही आहे.

लेमचे वाचक म्हणतील, ग्रंथालय गाळले तिथेच खटला संपला. त्यांना मी बर्टनच्या साक्षीचा प्रसंग शेजारी ठेवून पाहायला सांगेन, कारण तो दोन्हीकडे आहे. कादंबरीत बर्टन हा जुन्या मोहिमेतला वैमानिक. हरवलेल्या सहकाऱ्याला शोधताना धुक्यात त्याला महासागरावर आधी एक प्लास्टरसारख्या पदार्थाची बाग दिसते आणि मग एक अवाढव्य मूल. ते मूल हालचाली करते, पण पद्धतशीर, जणू या देहाला काय काय करता येते हे कोणीतरी तपासून पाहत आहे. चौकशी समिती हा भास ठरवते. साक्ष एका आडबाजूच्या ग्रंथात पडून राहते, केल्विन ती गिबारियानच्या चिठ्ठीमुळे शोधून वाचतो. म्हणजे पुस्तकातल्या पुस्तकात गाडलेला पुरावा. चित्रपटात हाच बर्टन म्हातारा होऊन केल्विनच्या वडिलांच्या घरी येतो आणि जुन्या चौकशीचे चित्रण सर्वांना दाखवतो. त्या चित्रणात तरुण बर्टन समितीपुढे आपण उड्डाणात टिपलेली फिल्म चालवतो. सगळे श्वास रोखून बघतात. पडद्यावर ढग, नुसते ढग. समितीतले लोक विचारतात, हे एवढेच? कॅमेऱ्याने काहीही टिपलेले नाही. लेमच्या कादंबरीत पुस्तके हरतात, कारण कादंबरी पुस्तकाच्या द्रव्याची बनली आहे. चित्रपटात कॅमेरा हरतो. तार्कोव्हस्कीने ग्रंथालयाची दृश्ये घेतली असती तर त्याला दुसऱ्या माध्यमाचे अपयश दाखवता आले असते. त्याने आपल्या माध्यमाचे दाखवले. मला हे भाषांतरापेक्षा अवघड आणि अधिक प्रामाणिक काम वाटते. त्याच भागात तो एक गोष्ट बिघडवतोही. बर्टन नंतर मोटारीतून फोन करून सांगतो, की हरवलेल्या सहकाऱ्याच्या विधवेकडे त्याला अगदी तसेच मूल दिसले. कादंबरीने तज्ज्ञाच्या तर्कावर सोडलेली गोष्ट इथे डोळ्यांदेखतची होते आणि संशयाला जागा उरत नाही. त्यानंतर टोकियोच्या रस्त्यांवरचा मोटारीचा लांब प्रवास येतो. भविष्यातले शहर म्हणून तो पूर्वी खपला असेल, आज तो नुसता रस्ता दिसतो.

तंत्राच्या बाजूने दुसरा आक्षेप येतो. १९७२ मध्ये महासागराचे आकार दाखवणे शक्य नव्हते म्हणून तार्कोव्हस्कीने ते टाळले. आज संगणकावर त्या आकारांपैकी सिमेट्रियाड नावाचा आकार उभा करता येईल, मग कादंबरीला न्याय मिळेल, असे पुष्कळांना वाटते. मला वाटते, उलट होईल. लेमचा सिमेट्रियाड वाचकाला दिसत नाही, आणि दिसू नये अशीच त्याची रचना आहे. लेम त्याला वास्तुशिल्प म्हणतो, गणित म्हणतो, संगीत म्हणतो. प्रत्येक उपमा आधीची उपमा पुसते आणि शेवटी वाचकाजवळ आकार उरत नाही, समजुतीचा पराभव उरतो. पडद्यावर आलेली वस्तू अशी पुसता येत नाही. ती एकदा दिसली की तिला ठाम रंग, उंची आणि पोत मिळतो, प्रेक्षक थक्क होतो आणि समाधानाने घरी जातो. तार्कोव्हस्कीचा महासागर म्हणजे घुसळणारा, चमकणारा, कशाचाच आकार न धरणारा पृष्ठभाग, आणि त्यावर एदुआर्द आर्तेम्येव्हचे इलेक्ट्रॉनिक नाद. यातले किती पैशाच्या कमतरतेमुळे आणि किती निवडीने, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. दृश्य नाकारल्याने अगम्यता टिकते, हे पडद्यावर दिसते आहे.

पोशाखाचा तपशील मात्र त्याने सोडला नाही. चित्रपटातही हारीच्या पोशाखाची पाठीमागची नाडी खोटी आहे, केल्विनला कात्री आणावी लागते. पहिल्या हारीला तो अग्निबाणात बसवून अंतराळात पाठवतो, दुसरी येते, आणि खुर्चीवर दोन एकसारख्या शाली पडलेल्या दिसतात. कादंबरीत तिथे कापलेले दोन एकसारखे पोशाख आहेत. इथून पुढे दोन्ही कृतींत नक्कल हळूहळू माणूस होत जाते, आणि ती होते ती मूळ हारीची अधिक बरोबर प्रत बनून नव्हे. आपण ती हारी नाही हे तिला कळते, ती द्रवरूप ऑक्सिजन पिऊन मरू पाहते, मरणही जमत नाही, आणि तरी केल्विनसाठी काय करायचे हे ती स्वतः ठरवते. तार्कोव्हस्की इथे ब्रॉयगेलचे १५६५ मधले बर्फातल्या शिकाऱ्यांचे चित्र तिच्यासमोर ठेवतो आणि पृथ्वी कधी न पाहिलेली ही बाई त्यात हरवून जाते. पाठोपाठ स्थानकातले वजन अर्धे मिनिट नाहीसे होते, दोघे हवेत तरंगतात, बाखचे ऑर्गनवादन चालू असते. लेमच्या वाचकांना हे गोड वाटते आणि मला त्यांचे पटते. नाताल्या बाँदार्चुकचा चेहरा त्या प्रसंगाला वाचवतो. नकलेने मूळ नसण्याचे दुःख पचवून आपले काही करणे हा धागा मात्र लेमचाच आहे, आणि चित्रपट तो एकदाही हातचा सोडत नाही.

आता शेवट. कादंबरीत स्थानकावरून महासागराकडे क्ष-किरणांचा झोत सोडला जातो आणि त्यावर केल्विनच्या जागेपणीच्या मेंदूलहरी चढवलेल्या असतात. पुढे हारीसारखे ‘पाहुणे’ परतणे थांबते, पण ते झोतामुळे की आणखी कशामुळे, हे लेम उघडे ठेवतो. हारीने सार्टोरिअसच्या यंत्राकडून स्वतःला नाहीसे करून घेतलेले असते. मग केल्विन स्नाउटशी एका अपूर्ण देवाविषयी बोलतो: असा देव, की अपूर्णता हाच ज्याचा मूळ गुण आहे, जो जे निर्माण करतो त्याचे परिणाम त्याला झेपत नाहीत. त्यानंतर तो जुन्या मिमॉइडवर उतरतो, लाटेपुढे हात धरतो, लाट हाताला न शिवता त्याच्या आकाराचे वेष्टन करते, मध्ये हवेचा पातळ थर ठेवते, आणि काही वेळाने तिचे कुतूहल संपते. चित्रपटात झोताचा परिणाम झाला आहे: महासागरावर बेटे उगवू लागली आहेत, असे स्नाउट सांगतो. केल्विन वडिलांच्या घरी परततो, पायरीवर आलेल्या वडिलांसमोर गुडघे टेकतो, त्यांना बिलगतो, रेम्ब्रांच्या उधळ्या पुत्राच्या चित्रासारखा. कॅमेरा वर वर जातो आणि कळते की घर, तळे, झाडे हे सगळे महासागरातले एक बेट आहे. लेमला यात भावनिक शरणागती दिसली असती तर नवल नाही. त्याचा महासागर उत्तर देत नाही, तार्कोव्हस्कीचा देतो.

त्या उत्तराआधीचे दृश्य मात्र नीट पाहायला हवे. केल्विन खिडकीतून आत बघतो तेव्हा घरात पाऊस पडतो आहे. छतातून पाणी वडिलांच्या पाठीवर ओघळते, वाफ निघते, आणि ते पुस्तके आवरत राहतात, त्यांना ते जाणवतही नाही. चित्रपटाच्या आरंभी पाऊस बाहेर होता. महासागराला केल्विनच्या मनात घर सापडले, वडील सापडले, पाऊसही सापडला. घर कशासाठी असते ते सापडले नाही. छप्पर पावसाला बाहेर ठेवते हे ज्ञान आठवणीच्या चित्रात नसते, जशी बटणे काढण्याची रीत नव्हती. घरातला हा पाऊस म्हणजे हारीचा न उघडणारा पोशाख, आता साऱ्या जगाला घातलेला. केल्विनला क्षमा मिळाली का, तर ज्याला क्षमा म्हणजे काय हे माहीत नाही अशा एका शक्तीकडून मिळाली. कादंबरीतला अपूर्ण देवाचा संवाद चित्रपटात नाही. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बदलांची जी यादी हाती ठेवली होती तिच्यात देवाची कल्पना काढून टाका अशी सूचना असल्याची नोंद तार्कोव्हस्कीच्या डायरीत आहे. संवाद गेला, पण तो देव त्या गळणाऱ्या छतात आहे. लेमने जे दोन माणसांच्या तोंडून बोलून दाखवले ते इथे एका शब्दाशिवाय घडते, आणि म्हणूनच लेमने नेले नव्हते तिथे ते पोहोचते, असे मी वर म्हटले.

यावर जाणकार हसतील. तार्कोव्हस्कीच्या चित्रपटांत घराच्या आत पाणी पडतेच. ‘आरसा’मध्ये पडते, ‘नॉस्टॅल्जिया’मध्ये पडते. तो त्याचा छंद आहे, त्यावर महासागराच्या ज्ञानमीमांसेचा डोलारा कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि दिग्दर्शकाच्या मनात नेमके काय होते यावर पैज लावायला मी तयार नाही. पण तीच प्रतिमा कोणत्या चित्रपटात येते यावर तिचे काम ठरते. ‘आरसा’मध्ये ओघळणारी भिंत स्वप्नाची असते, तिथे कोणी कोणाची प्रतिकृती करत नाही. ‘सोलारिस’मध्ये आधीचे दोन तास प्रेक्षकाला हेच शिकवण्यात गेले आहेत, की नकलेत विसंगती शोध, खोटी नाडी बघ, दोन शाली मोज. असा शिकवलेला प्रेक्षक घरातला पाऊस पाहील आणि ती निव्वळ शैली मानून पुढे जाईल, हे मला अशक्य वाटते. त्याने काय म्हणून ते पाणी ओतले हे त्याच्याबरोबर गेले. चित्रपटात ते काय करते हे समोर आहे.

स्टीव्हन सोडरबर्गचा २००२ चा ‘सोलारिस’ या चर्चेत सहसा एका वाक्यात उरकला जातो, आणि लेमनेही तो न पाहताच उरकला: आपण पुस्तकाचे नाव ‘सोलारिस’ ठेवले, ‘अंतराळातले प्रेम’ ठेवले नाही, अशा अर्थाचा टोला त्याने लगावला. मी थोडा जास्त उदार आहे. जॉर्ज क्लूनीचा हा दीड-पावणेदोन तासांचा चित्रपट ग्रंथालय आणि महासागर दोन्ही जवळजवळ पुसून टाकतो हे खरे, पण त्यातली बायको एकदा म्हणते, की तिच्यात आत्मघाताची ओढ आहे ती तो तिला तशी आठवतो म्हणून. लेमच्या हारीत जे गर्भित आहे ते इतक्या स्पष्टपणे तार्कोव्हस्कीनेही म्हटलेले नाही. घोटाळा होतो तो पृथ्वीवरच्या आठवणींच्या दृश्यांमुळे. सोडरबर्ग आपल्याला मूळ बायको भरपूर दाखवतो. मूळ आणि प्रत शेजारी आले की प्रेक्षक तुलना करून निकाल देतो. कादंबरीत आपल्याला मूळ हारी कधीच भेटत नाही, फक्त केल्विनच्या तोंडून येते, आणि त्यामुळे प्रतीविरुद्ध साक्ष द्यायला कोणी उरत नाही. निष्ठेची दुसरी कसोटी हवी असेल तर बोरिस निरेनबुर्गचा १९६८ चा सोव्हिएत दूरचित्रवाणीपट पाहावा. घटनाक्रम आणि संवाद यांत तो कादंबरीला तार्कोव्हस्कीपेक्षा पुष्कळ जवळ आहे. तो पाहून कादंबरी आठवते, वेगळे काही सुचत नाही.

एवढे म्हटल्यावर तार्कोव्हस्कीला पूर्ण माफी द्यायची माझी तयारी नाही. त्याने घालवलेली आणि परत न मिळालेली एक गोष्ट आहे: लेमचे हसू. चित्रपटात कोणी हसवत नाही. सोलारिसशास्त्राचे पंडित, त्यांचे वितंडवाद, शंभर वर्षांच्या कष्टातून निघालेले शून्य, हे लेमने उपरोधाने आणि मायेनेही लिहिले आहे, कारण त्या शून्यासाठी माणसे आयुष्य देतात हे त्याला क्षुद्र वाटत नाही. तार्कोव्हस्कीच्या जगात विद्वान एकतर कठोर असतो किंवा पश्चात्तापदग्ध. हास्यास्पद आणि थोर एकाच वेळी असू शकत नाही. म्हणून त्याच्या सार्टोरिअसशी वाद घालावासा वाटतो, तर लेमच्या गीझेचे खंड उघडून पाहावेसे वाटतात.

वाचनाच्या क्रमाविषयी दोन शब्द. मराठी प्रेक्षकाची ‘सोलारिस’शी पहिली भेट बहुधा पडद्यावर होते आणि कादंबरी नंतर इंग्रजीतून हाती येते. १९७० चे इंग्रजी पुस्तक फ्रेंच भाषांतरावरून केलेले होते आणि लेम त्यावर नाखूश होता. पोलिशवरून थेट केलेले बिल जॉन्स्टनचे इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आले, मिळेल तर ते घ्यावे. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे त्यांनी कादंबरीतली ग्रंथालयाची प्रकरणे गोष्टीत अडथळा समजून चाळू नयेत. बर्टनची साक्ष सहाव्या प्रकरणात आहे, मिमॉइड आणि सिमेट्रियाड आठव्यात. ही दोन प्रकरणे वाचून चित्रपटाचा पहिला तास पुन्हा पाहिला, तर वर केलेल्या विधानांतली कोणती टिकतात आणि कोणती मी ओढून ताणून बसवली आहेत, हे वाचकाला माझ्याशिवाय तपासता येईल.